चप्पल कोल्हापूरची, नाव कोणाचे?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन भरवले. त्यातील तरुणांच्या पायांत ज्या सपाट चामडी वहाणा होत्या, त्या कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणीही लांबूनच ओळखल्या असत्या. अंगठ्यासाठी चामड्याचे कडे, पायावर आडवा पट्टा, खाली सपाट तळ. कंपनीच्या लेखी मात्र त्या नुसत्या ‘चामडी सँडल’ होत्या. कोल्हापूरचे नाव नव्हते, भारताचेही नव्हते. वर्तमानपत्रांतून टीका झाली तेव्हा या वहाणांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिकाही दाखल झाली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच ‘भौगोलिक मानांकन’ मिळालेले होते. मग हे घडलेच कसे, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो आपण वापरत असलेल्या शब्दामुळे थोडा चुकीच्या वाटेने जातो. ‘मानांकन’ म्हटले की आयएसआय किंवा अ‍ॅगमार्कसारखा दर्जाचा शिक्का डोळ्यांपुढे येतो, किंवा सरकारने दिलेला एखादा मान. मूळ कल्पना तशी नाही. एखाद्या वस्तूचे नाव जेव्हा एका ठिकाणाकडे बोट दाखवते, तेव्हा त्या नावाला भौगोलिक निर्देश म्हणतात. कायदा राखण करतो ती या निर्देशाची, म्हणजे नावाची. चपलेच्या आकाराची नव्हे, ती शिवण्याच्या रीतीचीही नव्हे. या लेखात मी ‘निर्देश’ हाच शब्द वापरणार आहे.

जुन्या गोष्टीला पेटंट का नाही

नावच का राखायचे, वस्तू का नाही? याचे कारण बौद्धिक संपदेच्या इतर कायद्यांत आहे. पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले, हे बहुतेक शिक्षकांना आठवत असेल. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने तेथे एवढेच सिद्ध केले, की हे ज्ञान जुने आहे. या युक्तिवादाने दुसऱ्याचे पेटंट रद्द होते, पण त्याच युक्तिवादाने ते आपल्यालाही मिळत नाही. आकारांच्या नोंदणीचा जो कायदा आहे, त्यालाही नवेपणा लागतो. कोल्हापुरी चपलेचा आकार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, तो पहिल्यांदा कोणी केला हे सांगता येत नाही. म्हणून तो कोणाच्याच मालकीचा होऊ शकत नाही, आणि म्हणूनच तो कोणीही उचलू शकतो.

परंपरेजवळ मग उरते काय? तिने मिळवलेले नाव. गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘कोल्हापुरी दाखवा’ म्हणते, त्या एका शब्दात अनेक पिढ्यांची मेहनत साठलेली असते. रेक्झिनची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणारा ही साठवण फुकट वापरत असतो.

युरोपला हे फार पूर्वी कळले. फ्रान्समध्ये रोकफोर नावाच्या चीजसाठी १९२५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. शॅम्पेन हे नाव फक्त शॅम्पेन प्रांतातल्या मद्यालाच लावता यावे म्हणून त्या देशाने दीर्घकाळ लढा दिला. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १ जानेवारी १९९५ पासून जो ट्रिप्स करार लागू झाला, त्यात भौगोलिक निर्देशांची कलमे आहेत. मद्यांना त्यात इतर वस्तूंपेक्षा जास्त कडक संरक्षण आहे. करार कोणाच्या आग्रहाने घडला याची खूण त्यावरून पटते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम वेगळेच आहे. जे नाव मायदेशातच संरक्षित नाही, ते राखण्याचे बंधन दुसऱ्या देशांवर नाही, असे ते सांगते. १९९७ मध्ये एका अमेरिकन कंपनीला बासमतीच्या काही वाणांवर आणि दाण्यांवर पेटंट मिळाले, तेव्हा भारतात असा कायदाच नव्हता. तो १९९९ मध्ये संसदेने संमत केला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणीचे कार्यालय चेन्नईत आहे. पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. नोंद दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते.

या कायद्यातील व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. वस्तूचा दर्जा, तिची प्रतिष्ठा किंवा तिचा अन्य एखादा गुणधर्म हा मुख्यतः तिच्या उगमस्थानामुळे आलेला असावा, असे ती सांगते. यात ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. तयार केलेल्या वस्तूच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एखादी क्रिया त्या प्रदेशात होत असली तरी चालते. वकिलाला ही व्याख्या सोयीची वाटेल. विज्ञानाच्या माणसाच्या मनात मात्र लगेच प्रश्न येतो : ‘उगमस्थानामुळे’ म्हणजे नेमके कशामुळे?

हापूसच्या बाबतीत उत्तर त्यातल्या त्यात सोपे आहे. हापूसची झाडे कलमाने वाढवतात, त्यामुळे जनुकांच्या दृष्टीने ती जवळजवळ एकमेकांच्या प्रती असतात. तेच कलम कोकणात लावा किंवा घाटावर. फळात फरक पडला तर तो माती, हवा, पाऊस आणि जोपासना यांचाच. म्हणून २०१८ मध्ये हापूसची नोंद झाली ती पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरती. चपलेच्या झाडाला कलम नसते. तिथे ठिकाणाचा वाटा शोधायचा तर कातड्यापासून सुरुवात करावी लागते.

कातडे ‘कमावतात’ म्हणजे काय करतात

मेलेल्या जनावराचे कातडे तसेच ठेवले तर कुजते आणि वाळवले तर पत्र्यासारखे कडक होते. त्याचे मुख्य घटकद्रव्य म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. कोलॅजनच्या तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, आणि अशा असंख्य दोऱ्यांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. सूक्ष्मजंतूंची विकरे या साखळ्या तोडतात, म्हणून कातडे कुजते. वाळताना तंतू एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून ते कडक होते. कातडे कमावणे म्हणजे या तंतूंच्या मध्ये असे काही शिरवणे, की जे त्यांना एकमेकांना चिकटूही देणार नाही आणि विकरांना आतही येऊ देणार नाही.

कोल्हापुरी चपलेच्या पारंपरिक चामड्यात हे काम बाभळीची साल आणि हिरडा करतात. आधी कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सुटे करतात, ते खरवडून मांसाचा थर काढतात, धुतात. मग सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात ते मुरवतात. शेवटच्या टप्प्याची एक खास रीत आहे. कातडे शिवून त्याची मोठी पिशवी करतात, ती टांगतात आणि वरून तिच्यात तो कषाय ओतत राहतात. पाणी कातड्यातूनच झिरपून खाली येते आणि गोळा करून पुन्हा आत ओतले जाते. ज्याला आपण प्रयोगशाळेत गाळण म्हणतो तीच ही क्रिया. फक्त इथे गाळणकागदच तयार करायचा असतो!

बाभूळ आणि हिरडा या दोहोंत टॅनिन असतात. ही अनेक हायड्रॉक्सिल गट असलेली मोठ्या रेणूंची संयुगे आहेत. कोलॅजनच्या साखळ्यांशी ती अनेक ठिकाणी हायड्रोजन बंधांनी जोडली जातात. एकेक बंध दुबळा असतो, पण संख्या मोठी असते. हिरडा चघळल्यावर तोंड कोरडे का पडते, याचेही उत्तर हेच आहे. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन पकडतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. आपण त्याला तुरट चव म्हणतो. जिभेवर हे घटकाभर घडते, कातड्यात काही आठवडे.

आज जगातले बहुसंख्य चामडे असे बनत नाही. ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. क्रोमियमचे आयन कोलॅजनवरील कार्बॉक्सिल गटांशी पक्के बंध करतात आणि काम आठवड्यांऐवजी दिवसाभरात उरकते. कच्चे कातडे पाण्यात साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला आकसते, टॅनिनचे चामडे ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकते, तर क्रोमचे चामडे १०० अंशांच्या आसपासही टिकते. हे आकडे पाहिले की क्रोम सरस वाटते, आणि काही कामांसाठी ते खरेच सरस आहे. मऊ आणि पाण्याला न घाबरणारा बूट हवा असेल तर क्रोमच हवे. टॅनिनचे चामडे जाड आणि ताठ असते, घाम शोषते आणि हळूहळू पायाचा आकार घेते. नवी कोल्हापुरी चावते आणि तेल पाजल्यावर पुढे वर्षानुवर्षे पायाला लोण्यासारखी वाटते, ती यामुळेच. पावसाळ्यात तिला माळ्यावर ठेवतात याचेही कारण तेच. हायड्रोजन बंधांनी धरलेले टॅनिन पाण्याने थोडे थोडे सुटते, मोज्यांना रंग लागतो आणि तळ फुगतो.

वनस्पतिज रीत म्हणजे निर्मळ आणि क्रोम म्हणजे विष, अशी सोपी विभागणी मात्र करू नये. क्रोमच्या सांडपाण्याचा धोका खरा आहे, पण चुना, केस आणि सालींचा चोथा यांचे पाणी ओढ्यात सोडले तर तेही पाण्यातला प्राणवायू संपवते. हे काम गावाबाहेर, ओढ्याच्या काठी, ज्या समाजांच्या वाट्याला आले त्यांना याची किंमत दुहेरी मोजावी लागली. कातडे कमावणारा ढोर समाज आणि चपला घडवणारा चर्मकार समाज यांनी हे रसायनशास्त्र हाताने सांभाळले. कषाय किती तुरट झाला हे जिभेवर, आणि कातडे किती पिकले हे कापलेल्या कडेचा रंग पाहून ओळखणारी ही माणसे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांना अजून जागा मिळालेली नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

हिरडा पश्चिमेचा, बाभूळ पूर्वेची

आता ठिकाणाकडे येऊ. नकाशावर कोल्हापूर पाहावे. पश्चिमेला सह्याद्रीची भरपूर पावसाची राने, जिथे हिरडा होतो. पूर्वेला सांगली-सोलापूरकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि बाभळीचा माळ सुरू होतो. मध्ये नद्या, ऊस आणि त्याबरोबर म्हशी-बैलांचे मोठे पशुधन. साल, फळ, कातडे आणि पाणी हे चारही एका-दोन दिवसांच्या बैलगाडीच्या अंतरात मिळणारा हा पट्टा आहे. शिवाय बाजारपेठ आणि राजाश्रय. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला दिलेले उत्तेजन प्रसिद्धच आहे. या पट्ट्यात हा धंदा का रुजला, याचे भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखे कारण मला तरी हेच दिसते.

हा पट्टा राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही, हेही नकाशा सांगतो. बेळगाव जिल्ह्यातील अथणी हे या चपलांचे मोठे केंद्र आहे. तिथल्या घराघरांत स्त्रिया वेणी विणण्याचे आणि पट्टे शिवण्याचे काम करतात. म्हणून नोंद झाली ती आठ जिल्ह्यांसाठी : महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, तर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. सीमेवरून इतका वाद असलेल्या दोन राज्यांनी एका चपलेसाठी एकत्र अर्ज केला. ही गोष्ट बातम्यांत फारशी गाजली नाही, पण मला ती चपलेइतकीच टिकाऊ वाटते.

नोंदणीचे मालक कोण? महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे तसेच महामंडळ. कायद्यात नोंदणी कोणा एका व्यक्तीच्या नावे होत नाही. उत्पादकांची संघटना किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्था मालक होते आणि प्रत्यक्ष वस्तू करणारे ‘अधिकृत वापरकर्ते’ म्हणून वेगळी नोंद करतात. नाव विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली ती याच मुद्द्यावर. दाद मागायचीच तर ती नोंदणीकृत मालकांनी मागावी, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आणि मालकांनी मागितली असती तरी वाट सोपी नव्हती. एक तर कंपनीने ‘कोल्हापुरी’ हा शब्दच वापरलेला नव्हता, आणि आकाराला नोंद नाही. दुसरे म्हणजे चेन्नईची नोंद भारतापुरती चालते, मिलानमध्ये नाही. युरोपीय संघात तोपर्यंत संघाच्या पातळीवर फक्त शेतमाल, खाद्यपदार्थ आणि मद्ये यांच्याच नावांची नोंद होत असे. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीचा त्यांचा नवा नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. कोल्हापुरीच काय, पैठणीलाही आता तिथे दार आहे. ठोठावायला मात्र आपल्यालाच जावे लागेल.

त्याच डिसेंबरमध्ये प्राडाने या दोन्ही महामंडळांशी करार केला आणि या पट्ट्यातील कारागिरांकडून सुमारे २,००० जोड करून घेऊन प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकण्याची घोषणा केली. कायद्याने जे साधले नसते ते लोकांच्या टीकेने साधले, असे म्हणता येईल. पण त्या टीकेला बळ कोठून आले? नाव आधीच नोंदलेले होते, ते कोणाचे याबद्दल वाद नव्हता, आणि करार कोणाशी करायचा हे ठरलेले होते. नोंद नसती तर कंपनीने बोलायचे तरी कोणाशी?

खरा धोका मिलानमध्ये नाहीच, तो आपल्या गल्लीतल्या दुकानात आहे. दोन-तीनशे रुपयांच्या रेक्झिनच्या चपलेवर ‘कोल्हापुरी’ लिहिलेले असते आणि ते लिहिणे कायद्याचा सरळ भंग आहे. शेजारी ठेवलेली खरी चप्पल तिच्या तिप्पट-चौपट किमतीची असते. हाताने कापलेली, चामड्याच्या वादीने शिवलेली जोडी एका दिवसात फार होत नाहीत, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाल्यापासून कच्च्या कातड्याचे गणितही बदलले आहे. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही तर ते स्वस्त तेच उचलते. मग कारागिराचा मुलगा हे काम पुढे का करील? २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलेवर क्यूआर संकेत लावायला सुरुवात केली. मोबाइलने तो टिपला की करणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि वापरलेला माल कळावा, ही कल्पना. ती चांगली आहे, पण ज्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून कधी अर्जच केला नाही त्या गावातल्या म्हाताऱ्या कारागिराच्या चपलेवर तो संकेत येणार नाही. त्याची चप्पल खरी असूनही कागदावर ती ‘कोल्हापुरी’ नसेल. शाळा इथे मदत करू शकते. या आठ जिल्ह्यांतल्या हायस्कूलच्या मुलांना एक अर्ज भरून देणे अवघड नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

दोन प्रयोग सुचवतो. पहिल्यासाठी हिरड्याची पूड पाण्यात उकळून, गाळून थंड करावी. जिलेटिनची चिमूट कोमट पाण्यात विरघळवावी. जिलेटिन म्हणजे शिजवून सुटे केलेले कोलॅजनच. दोन्ही द्रावणे एकत्र करताच गढूळ साका तयार होतो. कातड्यात जे आठवड्यांत घडते ते परीक्षानळीत क्षणात दिसते. जिलेटिनऐवजी चायना ग्रास घेऊ नये. ते कर्बोदक आहे, त्याचा साका पडत नाही. का पडत नाही हे मुलांना विचारावे.

दुसऱ्यासाठी गंजलेले चार खिळे व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवावेत. त्या पाण्याचा एक थेंब चामड्याच्या खरबरीत बाजूवर टाकावा. लोह आणि टॅनिन यांचे गडद संयुग तयार होते. हिरड्याचे निळसर काळे, बाभळीचे हिरवटाकडे झुकणारे. जुन्या काळी शाई अशीच करीत. रेक्झिनवर डाग पडत नाही, निव्वळ क्रोमच्या चामड्यावरही पडत नाही. मात्र काही क्रोमच्या चामड्यांना नंतर टॅनिनचे पाणी पाजतात, तिथे थोडा काळेपणा येतो. म्हणून एका थेंबावरून निकाल देऊ नये, चारपाच नमुने शेजारी ठेवून पाहावेत.

डाग जात नाही, तेव्हा प्रयोग कोणाच्या नव्या चपलेवर करू नये. चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून चामड्याच्या छाटणी मागून आणाव्यात. आणताना हे कातडे कोणत्या गावचे, कोणी कमावले आणि तुम्ही वापरकर्ता म्हणून नोंद केली आहे का, एवढे विचारून वहीत लिहून घ्यावे. चामडे कशाने कमावले हे थेंब सांगतो, कोठे ते मात्र या वहीतूनच कळते.